नायटा, त्वचाबुरशी आणि त्वचेचा लिम्फोमा : निदानातील गुंता आणि वाशी परिसर

प्रस्तावना

मराठवाड्याच्या ग्रामीण भागात त्वचेवर उठणाऱ्या बहुतेक लाल, गोलसर व खाज सुटणाऱ्या चट्ट्यांना 'नायटा' किंवा 'गजकर्ण' म्हटले जाते. बालाघाटच्या डोंगररांगांत वसलेला धाराशिव जिल्ह्यातील वाशी तालुका याला अपवाद नाही. इसब, खरूज, शिबं, चिखल्या, कोड असे इतरही शब्द लोकभाषेत आहेत. हे सर्व शब्द रोगाचे बाह्य रूप सांगतात, त्यामागील कारण सांगत नाहीत. दैनंदिन व्यवहारात त्यामुळे फारसे बिघडत नाही, कारण असे बहुसंख्य चट्टे खरोखरच बुरशीमुळे होतात व योग्य औषधाने बरे होतात. परंतु वर्षानुवर्षे न जाणाऱ्या एखाद्या 'नायट्या'मागे त्वचेचा लिम्फोमा, म्हणजे लसिकापेशींचा कर्करोग, दडलेला असू शकतो. उलट, ज्या रुग्णास हा लिम्फोमा झाल्याचे निश्चित झाले आहे, त्याच्या त्वचेवर खरी बुरशीही वाढू शकते. अशा वेळी नवा चट्टा मूळ रोगाचा की बुरशीचा, हा प्रश्न केवळ डोळ्यांनी पाहून सुटत नाही.

हा लिम्फोमा दुर्मीळ आहे. पाश्चात्त्य देशांतील नोंदींनुसार त्वचेच्या टी-पेशी लिम्फोमाचे प्रमाण दर दहा लाख लोकसंख्येमागे वर्षाला सुमारे ६ ते ७ नवे रुग्ण इतके अल्प आहे. त्यामुळे प्रत्येक नायट्याला कर्करोग समजून घाबरण्याचे कारण नाही. मात्र दुर्मीळ रोग सर्वसामान्य रोगाचे रूप घेऊन येतो, तेव्हा तो ओळखण्यास विलंब होतो. रोगाची पहिली खूण दिसल्यापासून निदान होईपर्यंत सुमारे ३ वर्षे जातात, असे अनेक देशांतील रुग्णांच्या एकत्रित अभ्यासात दिसून आले आहे. या विलंबाची कारणे कोणती, बुरशी व लिम्फोमा यांचा परस्परसंबंध नेमका काय, आणि वाशीसारख्या तालुक्यात त्याबाबत काय करता येण्याजोगे आहे, या तीन मुद्द्यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एका नावाचा इतिहास

त्वचेच्या टी-पेशी लिम्फोमाचा सर्वाधिक आढळणारा प्रकार 'मायकोसिस फंगॉइडीस' या नावाने ओळखला जातो. 'मायकोसिस' म्हणजे बुरशीजन्य विकार आणि 'फंगॉइडीस' म्हणजे बुरशीसारखा. प्रत्यक्षात या रोगाचे कारण बुरशी नाही. पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयातील त्वचारोगतज्ज्ञ जाँ-लुई अलिबेर यांनी १८०६ मध्ये एका रुग्णाच्या अंगावर अळंबीच्या आकाराच्या गाठी पाहिल्या व त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे १८३२ मध्ये त्यांनीच या रोगाला मायकोसिस फंगॉइडीस हे नाव दिले. गाठींच्या आकारावरून पडलेले हे नाव जवळजवळ २०० वर्षांनंतरही टिकून आहे.

एर्नेस्त बाझँ यांनी १८७० मध्ये या रोगाच्या तीन अवस्था वर्णन केल्या : प्रथम सपाट चट्टा, नंतर जाडसर उंचवटा व शेवटी गाठ. १९३८ मध्ये आल्बेर सेझारी यांनी संपूर्ण त्वचा लाल होणे व रक्तात विशिष्ट आकाराच्या पेशी आढळणे अशा तीव्र प्रकाराची नोंद केली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या सर्व प्रकारांमागे टी-लसिकापेशींची अनिर्बंध वाढ आहे हे स्पष्ट झाले आणि १९७५ मध्ये 'त्वचेचा टी-पेशी लिम्फोमा' ही व्यापक संज्ञा रूढ झाली.

नावातील ही विसंगती आजही अडचणीची ठरते. तपासणी अहवालातील 'मायकोसिस' हा शब्द वाचून रुग्णाचे नातेवाईक 'बुरशीच आहे' असा निष्कर्ष काढू शकतात. बुरशीमुळे त्वचेचा लिम्फोमा होतो असे सिद्ध झालेले नाही. हे दोन भिन्न विकार आहेत. ते एकमेकांसारखे दिसू शकतात आणि एकाच त्वचेवर एकत्र नांदूही शकतात.

त्वचाबुरशी आणि तिचे बदललेले स्वरूप

नायट्यास कारणीभूत असणाऱ्या कवकांना डर्मॅटोफाइट म्हणतात. ट्रायकोफायटॉन, मायक्रोस्पोरम व एपिडर्मोफायटॉन या त्यांच्या परिचित प्रजाती होत. त्वचेच्या सर्वांत वरच्या मृत थरातील, केसांतील व नखांतील केराटिन हे प्रथिन त्यांचे अन्न आहे. विशिष्ट विकरांच्या साहाय्याने ते केराटिनचे विघटन करतात. चट्टा मध्यभागी निवळत जातो आणि कडेने पसरत जातो, म्हणून त्यास वलयाचा आकार येतो. सर्वाधिक सक्रिय बुरशी कडेला असते. तपासणीसाठी नमुना कडेवरून का खरवडावा, याचे कारण हेच.

उष्णता, घाम व घट्ट कपडे या गोष्टी बुरशीस पोषक ठरतात. स्त्रियांमध्ये परकराच्या नाडीखाली, पुरुषांमध्ये करदोड्याखाली व जांघेत हा विकार विशेष आढळतो. पाण्यात व चिखलात काम करणाऱ्यांच्या पायांच्या बोटांमधील चिखल्यांमध्येही बुरशीचा सहभाग असतो. ऊसतोडीसाठी हंगामी स्थलांतर करणाऱ्या मजुरांना दाटीवाटीच्या कोप्यांमध्ये राहावे लागते, पाणी अपुरे असते, टॉवेल व अंथरूण सामायिक असते. एका व्यक्तीचा नायटा संपूर्ण कुटुंबाचा होण्यास ही परिस्थिती पुरेशी असते.

गेल्या काही वर्षांत भारतातील नायट्याचे स्वरूपही पालटले आहे. पूर्वी काही आठवड्यांत बरा होणारा विकार आता महिनोन्‌महिने रेंगाळतो व पुन्हा पुन्हा उद्भवतो. यामागील एक प्रमुख बुरशी २०२० मध्ये 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' या नावाने स्वतंत्र जाती म्हणून वर्णिली गेली. जपानमध्ये उपचार घेणाऱ्या भारतीय व नेपाळी रुग्णांच्या नमुन्यांवरून हे वर्णन करण्यात आले. या बुरशीच्या अनेक वाणांमध्ये एका जनुकातील उत्परिवर्तनामुळे टर्बिनाफिन हे नेहमीचे औषध निष्प्रभ ठरते. २०२३ मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क येथेही तिचे रुग्ण नोंदले गेले. तात्पर्य, 'औषधाने गेला नाही म्हणजे तो नायटा नव्हेच' असा निष्कर्ष आज काढता येत नाही, आणि नेमक्या याच कारणाने लिम्फोमाचा संशय येण्यास अधिक विलंब होऊ शकतो.

लिम्फोमाग्रस्त त्वचेवर बुरशी का वाढते?

निरोगी शरीर त्वचाबुरशीस प्रामुख्याने टी-लसिकापेशींच्या साहाय्याने रोखते. बुरशीचा वावर ओळखून दाह निर्माण करणे व तिला वरच्या थरातच थोपवणे हे या पेशींचे कार्य होय. मायकोसिस फंगॉइडीसमध्ये बिघाड याच पेशींमध्ये होतो. त्याचे परिणाम तीन पातळ्यांवर दिसतात.

पहिला परिणाम त्वचेच्या आवरणावर होतो. चट्टे कोरडे पडतात, त्यांना भेगा जातात व खाजवल्याने जखमा होतात. जंतूंना अटकाव करणारी त्वचेची नैसर्गिक द्रव्येही कमी पडतात. दुसरा परिणाम प्रतिकारशक्तीच्या वैविध्यावर होतो. निरोगी माणसात अनंत प्रकारच्या जंतूंना ओळखणाऱ्या टी-पेशी असतात. रोग बळावतो तसतशी एकाच पेशीची संतती वाढत जाते व उरलेल्या पेशींचे वैविध्य आटते. शिवाय कर्करोगी पेशींची रासायनिक द्रव्ये प्रतिकाराचा कल अशा दिशेने झुकवतात की, बुरशीविरुद्ध उपयोगी पडणारा प्रतिसाद क्षीण होतो. तिसरा परिणाम उपचारांचा असतो. स्टेरॉइड, मेथोट्रेक्सेट व केमोथेरपी यांमुळे शिल्लक प्रतिकारशक्तीही दबते.

प्रगत अवस्थेतील रुग्णांमध्ये संसर्ग हे मृत्यूचे एक प्रमुख कारण आहे. त्यात जिवाणूंचा, विशेषतः स्टॅफिलोकोकस ऑरियसचा, वाटा मोठा असतो. बुरशी स्वतः सहसा प्राणघातक ठरत नाही, परंतु ती वाट मोकळी करून देते. पायांच्या बोटांमधील साधी चिखली त्वचेला भेग पाडते, त्या भेगेतून जिवाणू आत शिरतात आणि पाय सुजण्यापासून रक्तातील जंतुसंसर्गापर्यंत मजल जाऊ शकते. निरोगी शेतकऱ्यास क्षुल्लक वाटणारी चिखली लिम्फोमाच्या रुग्णास क्षुल्लक राहत नाही.

एक ट्यूब, दोन प्रकारची फसगत

बुरशी व लिम्फोमा यांच्यातील सारखेपणा अनेक अंगांनी आहे. मायकोसिस फंगॉइडीसचे आरंभीचे चट्टे बहुधा सूर्यप्रकाश न पोहोचणाऱ्या भागी, म्हणजे नितंब, मांड्या, कंबर व स्तन यांवर उठतात. नायट्याच्या नेहमीच्या जागांपैकी काही याच आहेत. दोहोंत खाज असते, दोहोंत बारीक कोंडा सुटतो, दोहोंत वलयाकार चट्टे असू शकतात. तळहात व तळपाय जाड होणे आणि नखे विद्रूप होणे ही लक्षणेही दोन्ही विकारांत आढळतात. सावळ्या त्वचेत, विशेषतः मुले व तरुण यांच्यामध्ये, या लिम्फोमाचा फिकट डागांचा एक प्रकार आढळतो. तो शिबं, कोड किंवा कुष्ठरोग समजला जाण्याची शक्यता असते.

झाकलेल्या जागी असलेला चट्टा दाखवण्याचा संकोच ही यातील सामाजिक बाजू होय. स्त्रिया हा त्रास घरातही सांगत नाहीत. अशा वेळी औषधाच्या दुकानातून नाव न सांगता आणलेली 'नायट्याची ट्यूब' हाच उपचार ठरतो. अशा अनेक ट्यूबमध्ये बुरशीविरोधी द्रव्याबरोबर जिवाणूविरोधी द्रव्य आणि क्लोबेटासोलसारखे तीव्र स्टेरॉइड मिसळलेले असते.

या मिश्रणाचा परिणाम ध्यानात घेण्याजोगा आहे. चट्टा बुरशीचा असेल, तर स्टेरॉइडने खाज व लाली दोन दिवसांत ओसरते, रुग्णास गुण आल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात प्रतिकार दबल्याने बुरशी आतल्या आत पसरते आणि वलयाची ओळखीची खूण पुसली जाते. चट्टा लिम्फोमाचा असेल, तरीही तो काही काळ फिकट होतो, कारण तीव्र स्टेरॉइडचे मलम हा आरंभीच्या लिम्फोमाचा एक मान्य उपचारच आहे. म्हणजे ट्यूब लावली, गुण आला, बंद केली, पुन्हा उठले, हा अनुभव दोन्ही विकारांत अगदी सारखा येतो. बुरशीची ओळख लपवणारी ट्यूब लिम्फोमाचीही ओळख लपवते. विलंबाची वर्षे या चक्रात सहज निघून जाऊ शकतात.

केंद्र शासनाने २०१८ मध्ये त्वचेवर लावावयाच्या १४ स्टेरॉइड द्रव्यांचा समावेश डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच विकावयाच्या औषधांच्या यादीत केला. त्याच वर्षी ३२८ मिश्र औषधांवर बंदीही आली. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने यासाठी दीर्घकाळ पाठपुरावा केला होता. नियम अस्तित्वात आहेत. त्यांची फलश्रुती मात्र दुकानदार व ग्राहक या दोघांच्या सवयी बदलण्यावर अवलंबून आहे.

निदानाचा क्रम

पहिली तपासणी अत्यंत साधी आहे. चट्ट्याच्या कडेवरील कोंडा बोथट पात्याने खरवडून काचपट्टीवर घ्यावयाचा, त्यावर १० ते २० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकावयाचा आणि काही वेळाने सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाचे. केराटिन विरघळते व कवकतंतू स्पष्ट दिसू लागतात. या तपासणीस मोठ्या यंत्रसामग्रीची आवश्यकता नाही. मात्र आधी बुरशीविरोधी मलम लावले असल्यास बुरशी असूनही ती दिसेनाशी होऊ शकते.

येथे दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. कवकतंतू दिसले नाहीत, तर बुरशी नाहीच असे ठरत नाही. आणि कवकतंतू दिसले, तर लिम्फोमा नाहीच असेही ठरत नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, कारण कारण सापडल्याच्या समाधानात पुढचा शोध थांबतो. बुरशीवर योग्य औषध पुरेसा काळ घेऊनही काही चट्टे जसेच्या तसे राहिले, तर त्या उरलेल्या चट्ट्यांचा स्वतंत्र विचार करणे आवश्यक ठरते.

अशा वेळी त्वचेचा लहानसा तुकडा काढून बायॉप्सी केली जाते. त्यापूर्वी काही आठवडे स्टेरॉइडचे मलम बंद ठेवावे लागते, अन्यथा रोगाच्या खुणा पुसट होतात. सूक्ष्मदर्शकाखाली विकृत लसिकापेशी त्वचेच्या वरच्या थरात शिरलेल्या दिसणे ही लिम्फोमाची महत्त्वाची खूण होय. त्याच तुकड्यावर विशेष रंजनप्रक्रिया करून बुरशीही शोधता येते. पेशी एकाच मूळ पेशीची संतती आहेत काय, हे जनुकीय तपासणीने पाहिले जाते. आरंभीच्या अवस्थेत एका बायॉप्सीत निदान होईलच असे नाही. ती पुन्हा करावी लागू शकते, आणि पहिली बायॉप्सी निष्फळ ठरली म्हणून रुग्णाने पाठपुरावा सोडू नये, हे त्यास समजावून सांगणे आवश्यक आहे.

लवकर निदानाचे मोल मोठे आहे. चट्टे त्वचेच्या १० टक्क्यांहून कमी भागावर असतील, तर रुग्णाचे आयुर्मान सर्वसामान्य लोकांइतकेच राहते, असे दीर्घकालीन अभ्यास सांगतात. बोटांसह हाताचा एक पंजा म्हणजे साधारणतः १ टक्का त्वचा, हे माप घरीही लक्षात ठेवता येते. या अवस्थेत मलमे व अतिनील किरणांचे उपचार बहुधा पुरेसे ठरतात. गाठींची अवस्था आल्यावर मात्र उपचार कठीण होतात.

दोन्ही विकार एकत्र असताना

लिम्फोमाच्या रुग्णास बुरशी झाल्यास तिचा उपचार लिम्फोमाच्या उपचाराशी जुळवून घ्यावा लागतो. स्टेरॉइडचे मलम सुरू असताना एखादा चट्टा अचानक पसरू लागला, तर रोग बळावला असे समजून मलम वाढवण्यापूर्वी कोंड्याची तपासणी करणे श्रेयस्कर. बुरशी असल्यास वाढवलेले मलम तिला खतपाणीच घालील. तसेच इट्राकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध यकृतातील विकरांना अडवते व काही औषधांचे रक्तातील प्रमाण वाढवते. व्हिन्क्रिस्टीन या कर्करोगविरोधी औषधासोबत ते दिल्यास मज्जातंतूंना इजा होऊ शकते. म्हणून एका डॉक्टरांकडील गोळ्यांची माहिती दुसऱ्या डॉक्टरांना देणे ही औपचारिकता नसून सुरक्षिततेची बाब आहे.

घरातील काळजी साधी आहे : स्वतंत्र टॉवेल, सैल सुती कपडे, अंघोळीनंतर बोटांमधील जागा कोरडी करणे, कपडे उन्हात वाळवणे, आणि घरातील इतरांना नायटा असल्यास त्यांचाही एकाच वेळी उपचार करणे.

वाशी परिसर आणि कर्करोग नोंदणीची परंपरा

हा प्रश्न वाशीच्या संदर्भात मांडण्यास एक ऐतिहासिक आधार आहे. शेजारच्या बार्शी येथे १९८७ मध्ये भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शीबरोबर तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील परंडा व भूम या तालुक्यांतील गावे तिच्या कक्षेत होती. रुग्ण रुग्णालयात येण्याची वाट न पाहता कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन लोकांना कर्करोगाच्या खुणा सांगाव्यात व संशयित रुग्णांस तपासणीसाठी आणावे, ही तिची पद्धत होती. पुढे १९९९ पासून याच जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा प्रयोग झाला. ५२ गटांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात समाविष्ट होत्या. डॉ. आर. शंकरनारायणन, डॉ. बी. एम. नेने व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, एचपीव्ही विषाणूच्या एका तपासणीमुळे त्या गटातील या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले. जगभरातील तपासणी धोरणास या जिल्ह्यातील ग्रामीण स्त्रियांनी असा आधार पुरवला.

राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०२० च्या अहवालात उस्मानाबाद व बीड या जिल्ह्यांतील कर्करोगाचे वयसमायोजित प्रमाण देशातील नोंदणी क्षेत्रांत सर्वांत कमी होते : दर लाख पुरुषांमागे ३९.५ व दर लाख स्त्रियांमागे ४९.४. ही समाधानाची बाब आहे. तथापि नोंदणीत तोच रुग्ण येतो ज्याचे निदान झाले आहे. नायटा समजून ट्यूब लावत राहिलेला रुग्ण कोणत्याही नोंदणीत दिसत नाही. दुर्मीळ आणि फसव्या रोगांबाबत आकडा वाचताना ही मर्यादा ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.

गावपातळीवर त्वचेचे डाग तपासण्याची एक व्यवस्था आधीच अस्तित्वात आहे. २०१६ पासून राबवण्यात आलेल्या कुष्ठरुग्ण शोध मोहिमांत आशा कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन डाग पाहिले. डागावर संवेदना शाबूत असेल, तर सहसा कुष्ठरोगाची शंका दूर होते. फिकट डागाच्या लिम्फोमात संवेदना शाबूतच असते. 'कुष्ठरोग नाही' हे उत्तर मिळाल्यावर 'मग काय आहे?' हा दुसरा प्रश्न विचारला गेला, तर त्याच व्यवस्थेतून अशा रुग्णास त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवणे शक्य आहे. धाराशिव, लातूर व अंबाजोगाई येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये वाशीच्या रुग्णांसाठी त्या दृष्टीने उपयुक्त आहेत.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. (१) त्वचाबुरशी व त्वचेचा लिम्फोमा हे भिन्न विकार असून एकाचे अस्तित्व दुसऱ्याचा अभाव सिद्ध करत नाही. (२) स्टेरॉइडमिश्रित मलमे दोन्ही विकारांची ओळख पुसून टाकतात, म्हणून त्यांचा चिठ्ठीविना वापर थांबणे हे लवकर निदानाचे पहिले पाऊल होय. (३) योग्य उपचार पूर्ण घेऊनही टिकून राहणारा, वारंवार त्याच जागी उठणारा किंवा जाड होत जाणारा चट्टा बायॉप्सीस पात्र आहे. (४) लिम्फोमाच्या रुग्णाच्या चिखल्या, नखे व नवे चट्टे यांकडे नियमित लक्ष देणे हा उपचाराचाच भाग आहे.

या कामी ग्रामीण महाविद्यालयांचे स्थान महत्त्वाचे आहे. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत कवकांचा अभ्यास होतोच. त्यास त्वचाबुरशीचा संदर्भ जोडल्यास विद्यार्थी तीच माहिती घरी घेऊन जातील. निदान करणे हे डॉक्टरांचे काम आहे, महाविद्यालयाचे नव्हे. परंतु राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात ट्यूबवरील घटकांची नावे वाचावयास शिकवणे, झाकलेल्या जागेचा चट्टा दाखवण्यातील संकोच दूर करणे आणि समाजशास्त्र, गृहविज्ञान व मराठी या विभागांनी लोकभाषेतील रोगनामांचा संग्रह करणे सहज शक्य आहे. 'नायटा' हा शब्द लोकभाषेतून जाणार नाही, जाण्याची गरजही नाही. तो उच्चारल्यानंतर 'किती दिवसांपासून?' आणि 'आजवर काय लावले?' हे दोन प्रश्न विचारण्याची सवय लागली, तर एखाद्या रुग्णाची काही वर्षे वाचू शकतील.